बोरनहाणाचं झबलं

बदलापूरजवळच्या चामटोलीत शिवरामच्या घराला मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली होती. त्या खोलीत त्याची धाकटी बहीण अंजना कपड्यांवर मोती शिवायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. सासरी दीर होते, जावा होत्या, पण मूलबाळ नसलेल्या तरण्या विधवेला थांब म्हणावं असं कोणाला वाटलं नाही. शिवरामने बहिणीला ही खोली बांधून दिली. त्याची बायको गोदू तेव्हा काही बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही. अंजनाने तरी घरावर भार टाकला नाही. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडे ती आरीचं भरतकाम शिकली आणि मग त्याच्याकडून माल घरी आणून करू लागली. लग्नातल्या घागऱ्यांचे घेर, ब्लाउजच्या बाह्या, ओढण्यांचे काठ. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि दिवसभर मान खाली घालून मोती, टिकल्या, काचेच्या नळ्या शिवत बसायचं.

शेठचं काम पोटासाठी. त्यातून वेळ उरला की ती गावातल्या बाळांचे कपडे शिवायची. कोणाच्या घरी मूल झालं की अंजनाच्या हातची कुंची जायचीच, काठाला बारीक मोत्यांची नक्षी असलेली. त्याचे ती काही घेत नसे. बाया म्हणायच्या, हिला स्वतःला नाही झालं म्हणून हिची हौस आमच्या पोरांवर फिटते. त्यात वाईट काही नव्हतं. खरंही होतं.

शिवरामचा मुलगा प्रमोद अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. त्याने लग्न केलं ती वैष्णवीही अंबरनाथचीच, बी.कॉम. झालेली, लग्नाआधी एका ऑफिसात हिशेब बघणारी. चामटोलीच्या घरात ती पहिली दोन वर्षं पाहुण्यासारखी वावरली. गोदूचा स्वभाव कामाचा, बोलण्याचा नाही. शिवरामला सून फार आवडायची, पण तो दिवसभर शेतावर नाहीतर म्हशींच्या मागे. तेव्हा दुपारची भांडी झाली की वैष्णवी मागच्या खोलीत येऊन बसायची. पुढे तिला मुलगी झाली, तिचं नाव जिज्ञासा ठेवलं. मग ती मुलीला घेऊन यायची. बाळ चटईवर पालथं पडून चौकटीच्या पायाशी खेळायचं, आणि या दोघी बोलत बसायच्या. अंजनाला इतकी सोबत आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

संक्रांत जवळ आली तेव्हा वैष्णवीने मोबाईल तिच्यापुढे धरला.

"आत्या, हे बघा ना. बोरनहाण करतात ते. काळं झबलं घालायचं आणि हलव्याचे दागिने. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं केलं होतं."

"आपल्यात नाही करत बाय असलं काही."

"नसलं म्हणून काय झालं? आपण करायचं. बाबा हो म्हणालेत."

बाबा म्हणजे शिवराम. तो नातीच्या बाबतीत कशालाच नाही म्हणायचा नाही.

हलव्याचे दागिने चिकट होतात, मुंग्या लागतात, म्हणून झबल्यावरच हलव्यासारखे दिसणारे पांढरे मोती शिवायचे असं दोघींनी ठरवलं. शेठच्या गल्लीतल्या दुकानातून अंजनाने ते शोधून आणले, वाटाण्याएवढे, थोडे खडबडीत, अगदी तिळावर साखर चढल्यासारखे. काळं सुती कापडही तिथूनच घेतलं. छातीवर मोत्यांची हारोळी, मनगटाला बांगड्यांसारखी दुहेरी ओळ, कमरेला पट्टा. अंजनाने शेठचं एक काम मागे ठेवून ते झबलं हातात घेतलं.

गळा राहिला होता तेव्हा वैष्णवी म्हणाली, "एवढा मी करू? लेकीच्या कपड्याला माझाही हात लागू दे."

"कर की. पण प्रत्येक मोत्याच्या मागे गाठ मारायची. एक मोती, एक गाठ. दोरा तसाच पुढे नेलास तर एक सुटला की सगळे सुटतात."

"हो, कळलं."

तिने गळा शिवला. बाळ मध्येमध्ये रडायचं, पाजायला घ्यावं लागायचं, सुई बाजूला ठेवावी लागायची. मांडीवर मूल आणि हातात काम असं करत तिला दोन-तीन दुपारी लागल्या. शेवटचा मोती झाला तेव्हा तिने झबलं दोन्ही हातांनी उजेडाला धरलं आणि स्वतःशीच हसली.

ती गेल्यावर अंजनाने ते उलटं करून पाहिलं. मोत्यामागून मोती ओवत दोरा सरळ पुढे नेलेला होता. गाठ सुरुवातीला एक आणि शेवटी एक. मधे काही नाही. अंजनाने उसवायला कात्री उचलली. मग तिला वाटलं, पोरीने इतक्या हौसेने केलंय, उद्या तिच्या लक्षात येईल की आत्याने सगळं उसवून परत केलं. हिरमुसेल. आणि एक दिवस घालायचं तर झबलं आहे. तिने कात्री ठेवली आणि झबल्याची घडी घातली.

बोरनहाण अंगणात झालं. गावातली पोरं गोळा झाली होती, वैष्णवीच्या माहेरची माणसं अंबरनाथहून आली होती, प्रमोद फोटो काढत होता. जिज्ञासाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं. गोदूला आधी हे सगळं शहरी खूळ वाटत होतं, पण नातीला त्या वेषात पाहून तिनेच आधी तिची दृष्ट काढली. मग चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, चॉकलेटं बाळाच्या डोक्यावरून ओतली आणि पोरांची झुंबड उडाली. जिज्ञासा आधी दचकली, मग हसायला लागली. तिला दात येत होते, जे हाताला लागेल ते तोंडात घालायची. झबल्याचा गळा ओढून चावत बसली होती. सगळ्यांना ते गोड वाटलं. प्रमोदने त्याचाही फोटो काढला.

पोरं वेचलेलं मोजत होती तेव्हा बाळ एकदा खोकलं. मग आवाजच निघेना.

"बोर गेलं, बोर गेलं घशात," कोणीतरी म्हणालं. गोदूने तोंडात बोट घालून पाहिलं. प्रमोदने तिला हातावर पालथी घेऊन पाठीवर थापट्या मारल्या. तोंडातून थोडी लाळ आली, बाकी काही नाही. ओठ निळे व्हायला लागले होते. शेजारचा हरिचंद्र त्याची गाडी काढून आला. प्रमोद आणि शिवराम बाळाला घेऊन बसले, वैष्णवी तशीच अनवाणी मागे चढली, आणि गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली. अंगणात बोरं पडलेली होती, आणि ती कोणी उचलावीत की नाही हे पोरांना कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी श्वासनळीतून मोती काढला. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केले. पण बाळ रस्त्यातच गेलं होतं.

लहान मूल, म्हणून शेताच्या बांधाजवळ खड्डा करून पुरलं. शिवरामने स्वतः माती लोटली. परत आल्यावर घरातली माणसं ओटीवर बसली. वैष्णवीच्या माहेरची, भावकीतली दोन-चार, हरिचंद्र.  दवाखान्यातून दिलेली कागदाची पुडी शिवरामच्या खिशात होती. त्याने ती काढून उघडली.

"हा कुठला?"

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. झबलं आत खुंटीवर होतं आणि त्याच्या गळ्याचा दोरा लोंबत होता.

"झबल्याचा," प्रमोद म्हणाला.

"शिवलं कोणी?"

वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती. तिचा ब्लाउज दुधाने ओला झाला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ती वर बघायला लागली. तिचे ओठ हलले. अंजनाने ते पाहिलं, आणि त्या ओठांवर शब्द यायच्या आत ती बोलून गेली.

"मी. माझ्याकडून गाठ राहिली असेल."

शिवरामने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने पुडी परत बांधली. ओटीवरच्या सगळ्यांना जणू काहीतरी धरायला मिळालं. वैष्णवीच्या आईने तिथेच रडत म्हटलं, "बाळाच्या कपड्याला एवढाले मोती लावतं का कोणी?"  वैष्णवीने डोळे मिटून घेतले.

अंजनाला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. उसवायला उचललेली कात्री आपण खाली ठेवली, हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आणि वैष्णवी जगायची असेल तर हे तिच्या वाट्याला येता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

त्यानंतर कोणी तिला शिवी दिली नाही. भांडणही झालं नाही. गोदू तिचं ताट मागच्या दारात ठेवून जायला लागली. शिवराम खोलीच्या बाजूने गोठ्याकडे जायचा तो आता घराला वळसा घालून पुढून जायला लागला. गावातल्या दोघी-तिघींनी कुंचीसाठी कापड दिलं होतं, त्यातल्या एकीने पोराला पाठवून ते परत मागवलं. दुसरी स्वतः आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "सध्या राहू दे काकी." तिच्या पोटात बाळ होतं. अंजनाने कापड घडी घालून दिलं.

वैष्णवी मागच्या खोलीत आली नाही. ती माहेरी गेली, परत आली, पुन्हा गेली. समोरासमोर आल्या तर खाली बघायची.

उन्हाळा लागता लागता गोदू एकदा खोलीच्या दारात येऊन थांबली.

"अंजना, तू काही दिवस दुसरीकडे राहतेस का? पोरीला बरं वाटत नाही तुला बघून. घरात सारखं तेच समोर येतं."

"दादा म्हणाला का असं?"

"ते काय बोलणार? त्यांचं बोलणंच बंद आहे."

अंजनाने खरवईला नव्या इमारतींच्या मागे जुन्या चाळीत एक खोली बघितली. टेम्पो आला त्या दिवशी प्रमोदने तिची चौकट, पेटी, भांड्यांचं गाठोडं उचलून चढवलं. शिवराम शेतावर गेला होता. टेम्पो सुरू झाल्यावर प्रमोद म्हणाला, "जपून जा, आत्या," आणि घराकडे वळला.

खरवईत तिला कोणी ओळखत नव्हतं. चाळीतल्या बायकांनी विचारलं, मुलं किती, माणूस काय करतो, आणि उत्तरं ऐकून पुन्हा काही विचारलं नाही. घरी एकटीने बसवेना म्हणून ती उल्हासनगरला शेठच्या दुकानावरच जाऊन काम करू लागली. वरच्या माळ्यावर पाच-सहा जणी चौकटीभोवती बसायच्या, खाली गिऱ्हाइकांची वर्दळ. तिथे तिचा हात मंदावला. एका मोत्यामागे ती दोन गाठी घालायची, मग तिसरी. कापड उलटं करून बोटाने प्रत्येक गाठ चाचपून बघायची. कापड मागून गोळ्यागोळ्यांचं व्हायला लागलं.

शेठने एकदा ब्लाउज हातात घेऊन आतून पाहिला. माणूस वाईट नव्हता.

"अंजनाबाई, ये दुल्हन का ब्लाउज है. एक दिन पहनेगी, फिर कपाट में. इतनी गाठ काय को?"

"सुटायला नको, शेठ."

"चुभेगी उसको. अंगाला टोचणार."

त्यानंतर ती एकाच गाठीवर यायचा प्रयत्न करायची. नव्या मुली एका दिवसात जेवढं करायच्या तेवढ्याला तिला दोन दिवस लागायचे. शेठने तिला बाह्यांवरून काढून काठाच्या सोप्या कामावर बसवलं.

दुसरा पावसाळा सरल्यावर एका रविवारी दुपारी वैष्णवी खरवईला आली. दारात उभी होती तेव्हा अंजनाला आधी तिचं पोट दिसलं. सहावा-सातवा महिना असावा. तिने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"घरी सांगून आलीस?"

"आईकडे जाते म्हणून निघाले." अंबरनाथला जायच्या वाटेवर ती इथे उतरली होती. पाण्याचा पेला तिने हातातच धरला होता. "आत्या, गळा मी शिवला होता."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही सांगितलं होतं गाठ मारायला. मी मारली नाही. मला वाटलं, कोण बघतंय मागून. सोनी रडत होती, मला पटकन संपवायचं होतं." सोनी म्हणजे जिज्ञासा, लाडाने ती तिला तसं म्हणायची. "तुम्ही 'मी' म्हणालात तेव्हा मला वाटलं, आत्ता बोलू, मग बोलू. दुसऱ्या दिवशी बोलू. मग ते बोलायचंच राहिलं."

"मी उलटं करून बघितलं होतं गं. गाठी नाहीत हे मला दिसलं होतं. उसवायला घेतलं आणि ठेवून दिलं."

 वैष्णवीला हे माहीत नव्हतं. अंजनाला वाटलं, आता ही चिडेल, आणि चिडली असती तर तिला बरंच वाटलं असतं. पण वैष्णवीने पेला खाली ठेवला आणि रडायला लागली. अंजना तिच्या शेजारी बसली. पाठीवरून हात फिरवायचा सोडून दुसरं काही तिला सुचलं नाही.

"मी घरी सांगते," डोळे पुसत वैष्णवी म्हणाली. "सगळ्यांना सांगते. तुम्ही परत या."

"नको. आता तू पोटुशी आहेस. सांगून काय होणार? सासू तुझ्या मांडीवर मूल देताना शंभरदा विचार करेल. प्रमोदच्या मनात राहील. माझं काय, मी काम करते, खाते. नको सांगूस."

"पण तुम्ही एकट्या..."

"मला आधीपासून सवय आहे."

वैष्णवी निघताना वाकून तिच्या पाया पडली. ती गेल्यावर अंजनाने बऱ्याच महिन्यांनी पोटभर भात खाल्ला. त्या रात्री तिला शांत झोप लागली. एक मूल आपण वाचवू शकलो नाही, पण त्याची आई वाचवली, असं तिला वाटलं. ते वाटणं तिने पुढचे काही महिने जपून ठेवलं. माळ्यावर बसून काठ शिवताना मधेच ते आठवायचं आणि हात थोडा भरभर चालायचा.

वैष्णवीला मुलगा झाला. बारशाचं सांगायला प्रमोदचा फोन आला.

"आत्या, तू ये. वैष्णवी म्हणते, तू आलीच पाहिजे."

"दादाला विचारलंस?"

"बाबा नाही म्हणाले नाहीत." मग तो थोडा अडखळला. "आणि आत्या, काही शिवून आणू नको हां. आईचं मन... तुला कळतंय ना."

"नाही आणत."

तिने उल्हासनगरच्या बाजारात एक तयार सेट घेतला, साधा, पिवळा, बटणंसुद्धा नसलेला, बंद बांधायचा. दुकानदाराला तिने दोनदा विचारलं, याचं काही सुटून येणार नाही ना. तो हसला, म्हणाला, "मावशी, इसमें है क्या छूटने को?"

चामटोलीत घर तसंच होतं. ओटीवर पाळणा बांधला होता, बायका आल्या होत्या. अंजना आत गेली तेव्हा बोलणं जरा थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. वैष्णवी पाळण्याजवळून उठली आणि सगळ्यांच्या देखत बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. अंजनाने त्याला धरलं. ते जड होतं, झोपेत होतं, आणि त्याच्या अंगात दुकानातून आणलेलं साधं झबलं होतं. ती त्याच्याकडे बघत असतानाच गोदू आली, "भूक लागली असेल त्याला," म्हणाली आणि तिने बाळ उचलून वैष्णवीकडे दिलं. वैष्णवीने ते घेतलं. ती काहीतरी बोलेल असं क्षणभर वाटलं. मग तिने पदर ओढला आणि बाळाला पाजायला घेतलं.

अंजना स्वयंपाकघरात गेली. तिथे गोदू एकटी होती, पाठमोरी, वाटाण्याची उसळ ढवळत.

"वहिनी, मी निघते जेवून."

"बस. वाढते तुला." गोदूने ताट घेतलं, पण वाढलं नाही. ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. "पोरगी तुझ्याकडे आली होती ना खरवईला? मी ओळखलं. अंबरनाथला ती तिन्हीसांजेला पोचली, तिच्या आईने मला फोन करून विचारलं, किती वाजता निघाली."

"आली होती. सहज."

"सहज नाही." गोदूने आवाज खाली आणला. "गळा तिने शिवला होता. मला ठाऊक आहे."

अंजनाला वाटलं वैष्णवीने सांगितलं. "तिने सांगितलं तुला?"

"तिने कशाला सांगायला पाहिजे? मी मागे सरपण घ्यायला आले होते, खिडकीतून बघितलं होतं तिला गळा शिवताना. तू खाली बसून दुसरं काहीतरी करत होतीस. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं गो."

बाहेर बायका पाळण्याचं गाणं म्हणायला लागल्या होत्या.  अंजनाने ओट्याला हात टेकला.

"मग मला का जायला सांगितलंस?"

"काय करू मग? तिचं नाव निघालं असतं तर ती विहीर बघती नाहीतर माहेर. प्रमोदचा संसार मोडला असता. लोक विचारत होते, कोणाचं तरी नाव हवं होतं. तू आपणहून घेतलंस. मी म्हटलं, चला, हे झालं." गोदूने पळी खाली ठेवली. तिचे डोळे कोरडे होते, पण चेहरा म्हातारा झाला होता. "आणि तू समोर असलीस की मला रोज वाटायचं, मला ठाऊक आहे. जेवण घशाखाली उतरायचं नाही. म्हणून म्हटलं, थोडी लांब राहा."

"आणि दादा?"

"त्यांना नाही ठाऊक. त्यांना सांगू नको, अंजना. सुनेवर जीव आहे त्यांचा. आता कुठे हसायला लागलेत."

तिने ताट वाढलं. भात, उसळ, वर लाडू ठेवला, मग अजून एक ठेवला. अंजनाने ते घेतलं आणि भिंतीशी बसून खाल्लं. न खाता उठली असती तर बाहेरच्या बायकांनी विचारलं असतं. घास चावताना तिच्या मनात एकच येत होतं. ओटीवर त्या दिवशी आपण पुढे होऊन काही उचललं, असं आपल्याला वाटत होतं. ते आपल्याच अंगावर यायचं ठरलेलं होतं. आपण नुसतं हो म्हणालो. घरात पाच माणसं होती, त्यातलं एक कमी करायचं होतं, आणि कोणतं करायचं याला गोदूला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. वैष्णवीचा तिला राग आला नाही. गोदूचा येईल असं वाटत होतं, पण तोही नीट येईना. फक्त इतके महिने जपलेलं ते वाटणं कुठे गेलं ते कळत नव्हतं.

ताट धुऊन ठेवून ती मागच्या दाराने बाहेर पडली. तिच्या खोलीत पेंढा भरला होता. दार उघडंच होतं. ती तिकडे न थांबता वळसा घालून रस्त्याकडे निघाली तेव्हा मागून हाक आली.

"अंजे."

शिवराम होता. वाकला होता, केस सगळे पांढरे झाले होते. त्याने तिला अशी हाक मारल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. हातात कापडी पिशवी होती.

"तांदूळ आहेत. नवे आहेत, भाताला पाणी कमी घाल."

तिने पिशवी घेतली. तो तिच्याबरोबर चालू लागला. हळू चालत होता, आणि काहीतरी बोलायचं आहे हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. सोनिवलीकडे नव्या बिल्डिंगा किती झाल्यात, म्हशीने यंदा दूध कमी दिलं, असं काहीबाही तो बोलला. रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्यावर म्हणाला,

"मी तुझ्याशी बोललो नाही. बोलवेना मला. पण आता पोरगा झाला, घरात बरं आहे. मी ठरवलं, मनात ठेवायचं नाही. चुकतं माणसाचं. तू काही मुद्दाम केलं नव्हतंस." त्याने पालथ्या हाताने डोळे पुसले. "माझ्याकडून झालं गेलं संपलं, अंजे. येत जा अधूनमधून."

अंजनाने त्याच्याकडे पाहिलं. घराच्या दारात गोदू येऊन उभी होती, लांबून, पण इकडेच बघत. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती तिच्या तोंडापर्यंत आली. पण भावाचा चेहरा मोकळा झाला होता. त्याने बहिणीला माफ केलं होतं, आणि ते करायला त्याला दोन वर्षं लागली होती.

"बरं, दादा," ती म्हणाली.

"येशील ना?"

"येईन."

शेअर रिक्षा आली. शिवरामने पिशवी उचलून तिच्या पायाशी ठेवली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खरवईला सोड, माझी बहीण आहे. रिक्षात आधीच दोघी बसल्या होत्या. त्या सरकल्या. अंजनाने पिशवी पायांनी आवळून धरली आणि पैसे हातात काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर शेठच्या माळ्यावर गेली. तिच्यापुढे एका ओढणीचा काठ होता. ती बसली, सुईत दोरा ओवला, एक मोती उचलला, शिवला आणि त्याच्यामागे एक गाठ मारली. संध्याकाळपर्यंत तिचं काम इतर बायकांएवढंच झालं. शेठने बघून मान हलवली. चांगलं झालं, तो म्हणाला, असंच पाहिजे. अंजनाने ओढणी घडी घालून त्याच्याकडे दिली आणि घरी जायला जिना उतरू लागली.